एकांताच्या दाराबाहेर

राजाजीनगरच्या त्या गल्लीत कृष्णाबाईंना सगळे अक्का म्हणत. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. घराणं तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी मराठी फौजेबरोबर इकडे कन्नड मुलुखात आलेलं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण जुंपलं की दोन्ही. चोवीस वर्षं त्यांनी घड्याळांच्या कारखान्यात काम केलं. एका डोळ्याला भिंग लावायचं आणि केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने जागेवर बसवायची. १९९३ साली स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा डोळे थकले होते, मुलगी लग्न होऊन हुबळीला गेली होती. त्यांनी अर्ज भरून टाकला. त्यानंतरचे दोन महिने त्या सवयीने सकाळी सहाला डबा भरायच्या आणि दुपारी तो घरीच बसून खायच्या.

"तुला कुठेतरी जायला हवं," त्यांचे यजमान विठोजी म्हणाले. "नाहीतर तू मला दुरुस्त करायला घेशील."

म्हणून त्या आप्पाजींच्या माडीवर भजनाला जाऊ लागल्या. आप्पाजी सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. गावातल्या मराठी माणसांना आठवड्यातून एकदा एकत्र बसता यावं म्हणून त्यांनी मंडळ काढलं होतं आणि माडी त्यासाठी मोकळी ठेवली होती. दर गुरुवारी संध्याकाळी भजन, मग हयवदन महाराजांचं प्रवचन, मग चित्रान्नाचा, म्हणजे फोडणीच्या भाताचा, प्रसाद. महाराज चाळिशीचे, धारवाडकडचे. गळा गोड. कुणाच्या मुलीची परीक्षा कधी, कुणाची सासू आजारी, सगळं त्यांच्या लक्षात असायचं. विठोजींचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा ते दोन दिवस इस्पितळात बसून होते. कृष्णाबाई हे कधी विसरल्या नाहीत, पुढे सगळं होऊन गेल्यावरही.

प्रवचनानंतर 'एकांत' असे. माडीच्या मागच्या लहान खोलीत महाराज बसत, आणि ज्याला काही सांगायचं असेल त्याने एकेकट्याने आत जायचं. बाहेर वेताच्या खुर्चीवर बसून कुणाचा नंबर ते बघायचं काम वर्षभरात कृष्णाबाईंकडे आलं.

"माणसं आत रडतात, अक्का," महाराजांनी त्यांना सांगितलं होतं. "रडणं मध्येच तोडलं की दुखणं आत राहतं. काही ऐकू आलं तरी दार उघडायचं नाही."

कृष्णाबाईंना ते पटलं. त्या खुर्चीचा त्यांना अभिमान वाटायचा, हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं.

वीणाला मंडळात आणलं तेही त्यांनीच. भाजीवाल्यापुढे एक मुलगी कोथिंबिरीसाठी हातवारे करत उभी होती आणि भाजीवाला तिला पालक दाखवत होता. "कोत्तंबरी म्हण," कृष्णाबाई मागून म्हणाल्या, आणि मुलीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. लग्न होऊन नागपूरहून आलेली, वय सव्वीस. नवरा इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत, सकाळी जायचा तो रात्रीच यायचा. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. दिवसभर मराठीत बोलायला कुणी नाही. कृष्णाबाईंनी तिला गुरुवारी सोबत नेलं. तीन-चार महिन्यांत ती टाळ धरून गाऊ लागली, आणि मग एकांतालाही बसू लागली.

१९९५ च्या कार्तिकातला गुरुवार. वीणा आत गेली होती. बाहेर प्रसादाची पानं वाटली जात होती. दारावर आतून आवाज आला. खाली, उंबऱ्याच्या जवळ. एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा. कृष्णाबाई उठल्या. मग पितळेचं काही पडल्यासारखं वाजलं, आणि महाराजांचा नेहमीचा शांत स्वर ऐकू आला. कृष्णाबाई परत बसल्या.

काही वेळाने वीणा बाहेर आली. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. प्रसाद न घेता ती जिना उतरून गेली.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. महाराज प्रवचनात म्हणाले, "काहींची कूस रिकामी राहते, कारण मन अस्थिर असतं. श्रद्धा ढळलेल्या माणसाचा संग करू नये." नाव घेतलं नाही, पण ते कुणाबद्दल हे माडीवर प्रत्येकाला कळलं. ही गोष्ट वीणाने एकांतातच सांगितली असणार, हा विचार कृष्णाबाईंच्या मनात आला, आणि त्यांनी तो बाजूला सारला. एकदा समोरून वीणा येताना दिसली तेव्हा त्यांनी रस्ता ओलांडला.

जानेवारीत, सकाळी दुधाच्या बूथपाशी, वीणा त्यांच्या मागे रांगेत येऊन उभी राहिली. आता सरकायला जागा नव्हती.

"अक्का, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी मी दार वाजवलं होतं. दोनदा. तुम्ही बाहेर होतात ना?"

नाही ऐकलं, एवढं म्हणणं अगदी सोपं होतं. प्रसादाची गडबड होती, लोक बोलत होते. कुणालाही पटलं असतं.

"होते," कृष्णाबाई म्हणाल्या.

"ऐकू आलं?"

"आलं."

"मला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल."

दोघी रांगेतून बाहेर आल्या. कोपऱ्यावरच्या संपिगेच्या, म्हणजे सोनचाफ्याच्या, झाडाखाली वीणाने चार वाक्यांत सांगितलं. कडी महाराजांनी लावली होती. आशीर्वाद देतो म्हणून जवळ बोलावलं आणि मग सोडेनात. तिची पाठ दाराला लागली होती, हात अडकले होते, म्हणून टाचेने वाजवलं. "मी ओरडले नाही," ती म्हणाली, "कारण मला वाटलं, अक्का बाहेर आहेत, त्या उघडतील."

कृष्णाबाईंनी माफी मागितली नाही. त्या शब्दाला तिथे काही जागाच नाही असं त्यांना वाटलं. त्या म्हणाल्या, "पोलिसांत जायचं असेल तर मी येते. मी काय ऐकलं ते मी सांगेन."

"नको. ह्यांनाही अजून सांगितलं नाही मी. माझं नाव कुठे घेऊ नका, अक्का."

"सरी, बरं. नाही घेणार. पण तुला जेव्हा वाटेल तेव्हा ये. एक वर्षाने वाटलं तरी ये."

घरी आल्यावर त्यांनी विठोजींना सांगितलं. नाव सोडून बाकी सगळं. "तो माणूस दोन दिवस माझ्या उशाशी बसला होता गं," विठोजी म्हणाले.

"बसले होते. तेही खरं आणि हेही खरं."

"मग आता?"

"गुरुवार यायला तीन दिवस आहेत," कृष्णाबाई म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या.

गुरुवारी त्यांनी वेताची खुर्ची उचलली आणि एकांताच्या खोलीच्या उंबऱ्यात ठेवली. दोन पाय आत, दोन बाहेर. दार आता लागूच शकत नव्हतं. पहिला नंबर तानूबाईंचा होता. तानूबाई देवळाजवळ फुलं विकत. त्या आत जाऊन बसल्या.

"अक्का, दार लावा," महाराज म्हणाले.

"असू दे उघडं. मी इथे बसते."

"इथलं बोलणं बाहेर जाऊ नये."

"बाकीचे जिन्यापाशी थांबतील. मीही ऐकणार नाही. पण मला दिसलं पाहिजे."

महाराज हसले. "माझ्यावर विश्वास नाही?"

पंधरा-वीस माणसं बघत होती. "नाही," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी महाराजांचं डोकं दुखू लागलं आणि एकांत झाला नाही.

रविवारी आप्पाजींनी मंडळाच्या जुन्या माणसांना बोलावलं. आप्पाजी संतापले नव्हते, घाबरले होते. "कुणाची तक्रार आहे, अक्का? नाव सांगा, मी स्वतः चौकशी करतो."

"नाव सांगणार नाही. ते माझं नाही."

"नावाशिवाय आरोप कसा करता येईल? मंडळाची अब्रू आहे. त्यांची आहे."

"मग माझं नाव लिहा," कृष्णाबाई म्हणाल्या. "मी दाराबाहेर होते. आतून दोनदा वाजलं. मी उघडलं नाही. ही तक्रार माझ्यावर आहे, ती तरी लिहून घ्या."

जिन्याच्या तोंडाशी बसलेल्या तानूबाई म्हणाल्या, "मी माझ्या सुनेला इथे पाठवणं बंद केलं, त्याला सहा महिने झाले. का ते ती सांगते का बघा. मला नाही सांगत. नुसती थरथरते."

आप्पाजींनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

यापुढे एकांत उघड्या दाराने, आणि बाईमाणूस आत असेल तर दुसरी बाई समोर बसलेली असेल, एवढंच त्यांनी महाराजांना कळवलं. गुरूला अटी घालत नसतात, असा निरोप आला, आणि आठवड्याच्या आत महाराज निघून गेले. अकरा कुटुंबं त्यांच्या मागे गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी त्यांना घर दिलं. कृष्णाबाई पत्ता शोधत तिथे गेल्या आणि घरमालकाला नाव सोडून सगळं सांगितलं. त्याने त्यांना ताक दिलं, आदराने ऐकलं, आणि गेटपर्यंत सोडायला आला. महाराज तिथेच राहिले.

मंडळात आता मोजून चौदा माणसं उरली. मंडळाच्या नियमांची कलमं लिहायचं ठरलं ते त्यानंतर. पहिला मसुदा आप्पाजींचा. सरकारी भाषेतला, तीन पानी. कृष्णाबाईंनी तो फाडला नाही, पण जवळजवळ सगळा खोडला. "तानूबाईंना एकदा वाचून कळलं पाहिजे," त्या म्हणाल्या. त्यांना प्रत्येक कलमामागे एक प्रसंग दिसत होता. कडी आतून लागली होती, म्हणून खोलीला कडी नको. वीणाचं दुःख प्रवचनात आलं, म्हणून विश्वासाने सांगितलेलं कुणी चारचौघांत वापरायचं नाही. आपण रस्ता ओलांडला, म्हणून मंडळ सोडून गेलेल्या माणसाशी बोलणं तोडायचं नाही, आणि तसा आदेश कुणी दिला तर तो मानायचा नाही. तक्रार कुणाकडे न्यायची, यावर दोन रविवार गेले. आप्पाजींना वाटत होतं अध्यक्षांकडे, म्हणजे त्यांच्याकडेच. "महाराज तुमच्याच घरी जेवत होते, आप्पाजी," कृष्णाबाई म्हणाल्या. आप्पाजींना ते लागलं, पण शेवटी त्यांनीच लिहिलं, की तक्रार दोन बायका ऐकतील, त्यांतली एक मंडळाबाहेरची असेल. गुन्हा असेल तर मंडळ निवाडा करायला बसणार नाही, आणि तक्रार करणारीला पोलिसांत जायचं असेल तर कुणीतरी तिच्याबरोबर जाईल.

एका जुन्या सभासदाने विचारलं, "देवाच्या दारात हे कायदे कशाला? चांगल्या माणसाला यात अपमान वाटेल."

"कारखान्यात मी बसवलेलं प्रत्येक घड्याळ दुसरी बाई तपासायची," कृष्णाबाई म्हणाल्या. "चोवीस वर्षं. मला एकदाही अपमान वाटला नाही. वाटला असता तर माझ्या कामातच काहीतरी गडबड असती."

पुढच्या वर्षी म्हैसूरहून एक कीर्तनकार आले. कलमांचा कागद वाचून ते रागावले आणि कीर्तन न करताच परत गेले. दुसरे आले, त्यांनी वाचून सही केली आणि एक प्रत मागून घेतली. दारापाशी बसायचं काम कुणी दोन वर्षांपेक्षा जास्त करायचं नाही, हे शेवटचं कलम कृष्णाबाईंनी स्वतःसाठी घातलं होतं. तिथे बसून माणूस स्वतःला कुणीतरी समजायला लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

१९९७ च्या मे महिन्यात एका सकाळी वीणा त्यांच्या दारात उभी राहिली. बरोबर तिचा नवरा होता, मान खाली घातलेला.

"ह्यांना सांगितलं," ती म्हणाली. "आता यायचं का, अक्का?"

कृष्णाबाईंनी गॅस बंद केला, चपला घातल्या.

पोलिस ठाण्यात पाच तास गेले. जबानी लिहून घेणाऱ्या मुन्शीला मराठी येत नव्हतं, वीणाला कन्नड अजून जेमतेमच येत होतं. तिचं बोलणं कृष्णाबाईंनी शब्दाला शब्द लावून सांगितलं, आपल्या पदरचं काही न घालता. मग त्यांची स्वतःची जबानी झाली. मुन्शीने लिहून वाचून दाखवलं, "आतून काहीतरी आवाज झाल्याचं ऐकलं."

"स्वल्प थांबा," कृष्णाबाई म्हणाल्या. "आवाज झाला, असं नाही. तिने दार वाजवलं. दोनदा. आणि मी उघडलं नाही, हेही लिहा."

"त्याची गरज नाही, अम्मा. तुमच्यावर काही नाही."

"लिहा."

त्याने लिहिलं. त्यांनी खाली सही केली. खटला पुढे रखडत राहिला. तारखा पडत गेल्या, दशक संपलं तरी निकाल नव्हता. पण वर्षभरात आणखी दोघी जबानी द्यायला आल्या, आणि त्यांतली एक तानूबाईंची सून होती.

ठाण्यातून बाहेर पडल्यावर वीणाचा नवरा रिक्षा शोधायला पुढे गेला. दोघी भिंतीच्या सावलीत उभ्या राहिल्या. वीणाने माफ केलं असं काही म्हटलं नाही, कृष्णाबाईंनी विचारलंही नाही.

"मला भूक लागलीय," वीणा म्हणाली.

"समोर दर्शिनी आहे," कृष्णाबाई रस्त्यापलीकडच्या उपाहारगृहाकडे बोट दाखवत म्हणाल्या. "चल. ते येईपर्यंत इडली होईल."