साखळीच्या अलीकडे

कर्टिस हॅलमचा धंदा लोकांच्या तळघरातल्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करण्याचा, आणि वेड सरकारला कोपऱ्यात बसवण्याचं. ओहायोतलं चांगलं चाललेलं दुकान सोडून तो न्यू हॅम्पशरला आला तो या वेडापायीच. कर कमी, कायदे कमी, ज्याचं त्यानं बघावं असं मानणाऱ्यांनी देशभरातून उठून या एका लहान राज्यात यावं, म्हणजे आपल्या मताला वजन येईल, अशी कल्पना होती. ती काही त्याची नव्हे. तिच्याखाली सह्या करणारेही ढिगानं होते. पण सही ठोकून मंडळी आपापल्या गावी उंटावरून शेळ्या हाकत बसायची. सामान बांधायची वेळ आली की कुणाच्या बायकोला थंडी सोसत नसे, तर कुणाचं घर विकलं जात नसे.

कर्टिसला यातली मेख कळली होती. माणूस विचारासाठी गाव सोडत नाही. पलीकडे कुणी वाट बघतंय म्हटलं तर सोडतो. म्हणून त्यानं नवी संस्था काढली, 'ओपन गेट'. कचेरी म्हणजे त्याची व्हॅन. येणाऱ्याला आधी डोकं टेकायला खोली, मग हाताला काम, आणि ट्रक दारात आला की सगळ्यांनी धावून सामान उतरवायचं.

ती खोली ओपल पेल्कीबाईंची. टेकडीच्या टोकाला एकटंच घर, नवरा कधीच गेलेला, पाठीत बाक आलेला आणि जीभ मात्र ताठ. कर्टिसनं भीत भीत विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुझी ती राजकारणाची टकळी माझ्या टेबलावर नको. बाकी खोली काय, उंदरांच्याच ताब्यात आहे." तेव्हापासून जो येईल तो पहिले काही आठवडे त्यांच्याकडे. पहिल्या संध्याकाळी सफरचंदाचा 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, ठरलेला. कर्टिसनं पायची थाळी हातात घेतलेल्या ओपलबाईंचा फोटो संस्थेच्या पानावर टाकला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या लांबलचक लेखांपेक्षा त्या फोटोनंच माणसं जास्त आणली.

नेव्हाडाचा ट्रेंट त्यातलाच. तरुण, हुशार, प्रत्येक गोष्ट तत्त्वावर घासून बघणारा. खोली सोडताना त्यानं बाईंना संस्थेची ठरलेली भेट दिली: 'खासगी जागा. परवानगीशिवाय आत येऊ नये' अशी पत्र्याची पाटी.

"अरे, मी कुणाला अडवू?" बाई हसल्या. "अर्धा गाव माझ्या अंगणातून हरणं मारायला जातो."

"तत्त्व म्हणून ठेवा, ओपल."

"तत्त्व होय? बरं झालं. खुराड्याला भोक पडलंय." आणि पाटी खुराड्याला ठोकली गेली.

मार्चमध्ये ग्रामसभा भरली. वर्षाचा सगळा खर्च इथंच, हात वर करून ठरतो. ज्याच्या हातात गुलाबी पुठ्ठा तो मतदार. दुपारी चर्चच्या बायका सगळ्यांना जेवू घालतात आणि नंतर सभागृहाच्याच स्वयंपाकघरात भांडी घासतात. जुने अध्यक्ष मोजणीआधी दर वेळी आत डोकावून हाक मारायचे, "बायांनो, हात पुसा आणि या!" तसा नियम कुठंच लिहिलेला नव्हता. ते अध्यक्ष थकून घरी बसले होते आणि यंदा त्यांच्या जागी एक नवखा वकील होता.

जेवण झालं. कर्टिसनं पायचे दोन तुकडे खाल्ले. ओपलबाई त्याच्या खांद्यावर टपली मारून आत गेल्या, "माझी खुर्ची धर रे." आणि ट्रेंट उठला. टेकडीवरचा शेवटचा रस्ता कागदोपत्री गावाचा नाही, तरी गाव त्यावरचा बर्फ काढतं; एका घरासाठी सगळ्यांनी का भरावं? तो खर्च वगळावा. बोलला मुद्देसूद. खाल्ल्या घरचे वासे मोजणं दुसरं काय असतं? पण ट्रेंटला ते तसं दिसतच नव्हतं.

कर्टिसला दिसत होतं. तो स्वयंपाकघराच्या दाराशीच बसला होता. आतून पाण्याचा, ताटल्यांचा, बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. नुसतं मान वळवून "ओपलबाई, जरा या" म्हणायचं होतं. पण संस्थेची मंडळी त्याच्याकडे बघत होती. आजवर गावात त्यांचा एकही ठराव पास झाला नव्हता आणि आज, बायका आत असताना, आकडा जुळत होता. कर्टिस उठला. त्यानं दार हलकेच लोटून घेतलं, परत बसला, आणि पुठ्ठा वर केला.

ठराव चार मतांनी पास झाला. ओपलबाई हात पुसत बाहेर आल्या तोवर सभा पुढच्या विषयावर गेली होती. त्या शेजारी बसल्या, शेजारणीनं कानात सांगितलं ते ऐकलं, आणि समोर बघत राहिल्या. कर्टिस घाईघाईनं म्हणाला, "आम्ही काढू की बर्फ! स्वतःहून. तेच तर आमचं म्हणणं आहे." बाईंनी टपली मारली होती तो खांदा त्याला जड वाटायला लागला.

महिना सरता सरता मोठं बर्फाचं वादळ आलं. कर्टिसनं सगळ्यांना फोन केले. ट्रेंटला कामावर जायचं होतं. दुसऱ्याची गाडी रुतली होती. तिसरा म्हणाला, "दोन दिवसांत वितळेलच की." शेवटी ट्रकला बर्फ ढकलायचा फाळ लावून तो एकटाच टेकडी चढला. निदान एवढं करू, म्हणजे त्यांच्याकडे बघता येईल, असं त्याच्या मनात होतं.

बाईंची हद्द लागते तिथं रस्त्यावर आडवी साखळी होती. साखळीला खुराड्यावरची पाटी, एका कोपऱ्यात कोंबडीची विष्ठा. पलीकडे ओपलबाई, नवऱ्याचा जुना कोट घालून, फावड्यानं बर्फ उडवत होत्या. दोन फावडी झाली की थांबायच्या, धाप टाकायच्या.

"ओपलबाई, साखळी काढा. पाच मिनिटांत करून देतो."

"पाटी वाचता येते ना?"

"येते."

"तुमच्यात परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत पाय ठेवत नाहीत, खरं ना?"

"खरं. म्हणून तर विचारतोय."

बाई फावड्यावर रेलल्या. "त्या दिवशी दार कुणी लावलं रे? आम्ही आत म्हणत होतो, वारा असेल."

"मी लावलं."

"भांड्यांचा आवाज होत होता, म्हणून?"

बाईंनी वाट मोकळी करून दिली होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. घरी, स्वतःशी, तो रोज म्हणतच होता.

"नाही," कर्टिस म्हणाला. "आवाज फारसा नव्हता."

ओपलबाईंनी मान हलवली. रागावल्याही नाहीत, आणि तेच त्याला सोसेना.

"मग परवानगी नाही," त्या म्हणाल्या आणि फावडं उचललं.

तिथं ट्रक वळवायला जागा नव्हती. आरशात बघत मागे मागे उतरावं लागलं. समोर तो कोट वाकत होता, थांबत होता, पुन्हा वाकत होता. दोन दणकट हात आणि फाळ लावलेला ट्रक असून तो बघण्यापलीकडे काही करू शकत नव्हता.

खाली रस्त्याला लागला तोच फोन वाजला. टेनेसीहून एक कुटुंब शनिवारी यायला निघणार होतं. फोनवर बोलणाऱ्या माणसाच्या मागून लेकरांचा कालवा ऐकू येत होता.

"सगळं बांधून झालंय!" माणूस खुशीत होता. "बायको विचारतेय, पहिले काही दिवस त्या फोटोतल्या आजींकडेच ना? पायवाल्या?"

"त्यांना विचारावं लागेल," कर्टिस म्हणाला.

"मग विचारून सांगा की!"

कर्टिसनं गाडी कडेला घेतली. टेकडीवरून फावड्याचा आवाज इथवर येत नव्हता, तरी त्यानं काच खाली केली.

"तुम्हीच विचारा," तो म्हणाला. "मला तोंड नाही."