खुर्चीशेजारचे काका

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. कलेतलं मला फार कळत नाही, तेव्हा मी यावर लिहिणं आगाऊपणाचं वाटलं तर माफ करा.

बडोद्यात आमच्या कॉलेजजवळच्या एका गॅलरीत उंची फर्निचरचं प्रदर्शन होतं. मधोमध एक पितळी खुर्ची होती. तिच्यावर कुणी बसू नये म्हणून सिक्युरिटीचे एक काका दिवसभर तिच्याशेजारी उभे असत. दांडिया बाजारातले, मराठीच. आसपास कुणी नसलं की ते बूट काढून सुजलेलं पाऊल गार फरशीवर टेकवत. दार वाजलं की घाईने पाय पुन्हा बुटात कोंबत.

"काका, तुम्हाला बसायला काहीच नाही?" मी एकदा विचारलं.

"आमच्या दोघांत हीच सुखी, दीकरा," ते खुर्चीकडे बघत म्हणाले. "तिला चार पाय आहेत."

मला हसू आलं नाही. साठीच्या माणसाने दिवसभर उभं राहायचं, ते कशासाठी, तर एक खुर्ची रिकामी राहावी म्हणून. मी धीर करून गॅलरी चालवणाऱ्या मॅडमना म्हटलं, "काकांचे पाय सुजतात. एखादं स्टूल द्या ना."

"स्टूलने सगळा लुक बिघडेल," त्या म्हणाल्या. "पण काहीतरी करते मी."

मग परीक्षा आली आणि तिकडे जाणं झालं नाही. परवा गॅलरीसमोरच्या चहावाल्याकडे काकांची चौकशी केली.

"त्यांना तर काढून टाकलं," तो म्हणाला. "आता एक जवान माणूस उभा करतात. त्याचे पाय अजून सुजत नाहीत."