खळ धरेपर्यंत

रात्री फोटो काढायला मी शिकले ते पप्पांच्या पत्रकांसाठी. पप्पा एका कारखान्यात कंत्राटी हेल्पर होते. महिन्यातून एकदोनदा रात्री अकरानंतर आम्ही दोघं भिंतींवर पत्रकं चिकटवायला स्कूटरवरून निघायचो. पुढे पायाशी मैद्याच्या खळीची बादली, मागे माझ्या मांडीवर पत्रकांचा गठ्ठा आणि गळ्यात जुना डिजिटल कॅमेरा. सकाळपर्यंत कुणीतरी पत्रकं फाडायचं, आणि मग युनियनच्या बैठकीत आपलीच माणसं विचारायची, लावली तरी होती काय? म्हणून फोटो हवे होते.

गल्लीतल्या स्टुडिओवाल्या काकांनी सांगितलं होतं की, उजेड कमी असला की कॅमेऱ्याचा डोळा आठ सेकंद उघडा ठेवायचा, आणि तेवढा वेळ कॅमेरा हलता कामा नये. स्टँड कुठला असायला. मी कॅमेरा स्कूटरच्या सीटवर ठेवला. पहिल्या रात्रीचे सगळे फोटो वाया गेले, एक अक्षर वाचता येईना. कुणी आलं तर निघता यावं म्हणून पप्पा स्कूटर चालूच ठेवायचे, आणि सीट थरथरत होती.

पुढच्या खेपेला त्यांनी किल्ली फिरवून स्कूटर बंद केली. साताठ किका मारल्याशिवाय ती परत सुरू होत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

अक्षरं स्वच्छ यायला लागली. ‘कंत्राटी कामगारांना कायम करा.’ पप्पा मात्र धुरासारखे दिसायचे, कारण त्यांचा ब्रश थांबायचा नाही. एकदा मी म्हटलं, पप्पा, आठ सेकंद नुसतं उभं राहा, तुमचा एक काढते.

“माझं काय बघायचंय त्यात? मागणी वाचाय आली पायजे की,” ते म्हणाले आणि बादली उचलून पुढच्या भिंतीकडे गेले.

मला ते पटलं. मी अक्षरंच मुळी त्या पत्रकांवर शिकले होते. आजही पटतं. माणसाला कंत्राटावर ठेवून त्याचं अख्खं आयुष्य वापरून घेणं ही चोरी आहे, हे मी कुठल्याही भिंतीवर लिहीन. पप्पा कायम न होताच गेले. घरात लावायला फोटो शोधला, तर माझ्या एवढ्या फोटोंत चेहरा एकातही नव्हता. शेवटी ठेकेदारानं दिलेल्या गेटपासवरचा मोठा करून लावला.

परवा ते जुने फोटो पुन्हा उघडले. एक कावळा नाक्याच्या अलीकडच्या भिंतीचा आहे. पत्रकाचा कोपरा सुटत असणार, खळ धरेपर्यंत पप्पांनी तो तळव्यानं दाबून ठेवलाय. अंग धूसर आहे, चेहरा नाहीच. पण तो हात आठही सेकंद हललेला नाही. नखांतली सुकलेली खळसुद्धा दिसते.

त्या रात्री हा फोटो मीच बाद केला होता. हातामुळे मागणीची पहिली ओळ वाचता येत नव्हती.