कृत्तिकांभोवतीचं तेज

२०२०च्या हिवाळ्यात आम्ही दोघं डब्लिनच्या ब्युमॉन्ट भागात भाड्याच्या घरात राहत होतो. बायको नर्स असल्यामुळे लॉकडाउनमध्येही रोज कामावर जायची. मी जेवणाच्या टेबलावर बसून बॉल्सब्रिजमधल्या ऑफिसचं काम करायचो. डिसेंबरात तिथं चहाच्या वेळेलाच अंधार पडतो. लॅपटॉप मिटला, ढगांनी कृपा केली, की मागच्या अंगणात दुर्बीण मांडायची, हा माझा त्या दिवसांतला एकमेव विरंगुळा होता.

दुर्बीण माझीच होती, जुनी विकत घेतलेली. कॅमेरा घरमालकीणबाईंच्या दिवंगत नवऱ्याचा. जिन्याखालच्या प्रेसमध्ये तो पडून होता. कपाटाला तिकडे प्रेस म्हणतात. आमच्या गावचे स्टुडिओवाले ज्याला एकशेवीसचा रोल म्हणायचे, ती रुंद फिल्म त्यात बसायची. "इट्स ग्रँड, घेऊन जा, कुणीतरी वापरायला हवा," बाई दारातूनच म्हणाल्या.

कॅमेऱ्याची लेन्स काढून तो मी दुर्बिणीच्या मागच्या नळीला जोडला आणि कृत्तिकांवर रोखला. शटर बराच वेळ उघडं ठेवलं. फिल्म बाथरूममध्ये धुतली. स्कॅन करून पाहतो तर ताऱ्यांच्या झुमक्याभोवती दुधासारखं मऊ तेज होतं, बाहेर जाता जाता विरणारं. कृत्तिकांभोवती धूळ आहे आणि ती ताऱ्यांच्या उजेडानं चमकते, हे मी वाचलं होतं. ते मला मिळालं! चौकटीचे कोपरे काळे आले होते. ते वाईट दिसत होते म्हणून कापून टाकले, आणि फोटो सरांना पाठवला. खाली लिहिलं, "सर, कृत्तिकांभोवतीचं धुळीचं तेज. मी स्वतः टिपलं."

सर म्हणजे माझे भूगोलाचे शिक्षक. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बारावीनंतर मला काकांच्या दुकानात बसवायचं ठरलं, तेव्हा सर आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि वडील हो म्हणेपर्यंत उठले नाहीत. मी इंजिनिअर झालो तो त्यांच्या त्या बसण्यामुळे. ते आता निवृत्त झाले होते, तरी शाळेत रोज जात.

त्यांनी फोटो सगळ्या गावाला पाठवला. आठवड्याच्या आत शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला. अंतराळातील तेजोमेघ टिपणारे आपल्या मातीतले हिरे, म्हणजे मी. माझा फोटो लग्नातला, फेट्यासकट.

"मला कापलं की रे," बायको मोबाइलवर फोटो मोठा करून बघत म्हणाली. "तुझ्या बाजूला माझा अर्धा खांदा राहिलाय, तो तरी कुणाचा म्हणून विचारतील लोक."

मी हसलो. मला फार बरं वाटलं होतं, हे इथं लिहायलाच हवं.

सरांनी दहावीच्या मुलांसाठी माझं ऑनलाइन व्याख्यान ठरवलं. त्याच सुमारास मी दुसरा रोल धुतला. त्यात ययाती तारकासमूहातला, ताऱ्यांच्या शेजारशेजारच्या दोन झुमक्यांचा जोडगुच्छ होता. त्याच्याभोवतीही तसंच तेज होतं, तितकंच मोठं, बरोबर मधोमध. तिथं असं तेज असायचं कारण नव्हतं.

मग घरातलं चक्का टांगायचं मलमलचं फडकं मी दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बांधलं आणि संध्याकाळच्या फिक्या आभाळाकडे रोखून एक फ्रेम घेतली. फडक्याचा फोटो सगळीकडे सारखा पांढरा यायला हवा. तो मध्ये उजळ आणि कडेला काळवंडलेला आला. तारा एकही नव्हता, तेज मात्र होतं.

दुर्बिणीची मागची नळी त्या मोठ्या फिल्मला पुरत नव्हती. मधोमध उजेड पुरा पोचायचा, कडेला थोडा, कोपऱ्यांत जवळजवळ नाहीच. शहराच्या दिव्यांनी उजळलेलं आभाळ तेवढं मध्यावर उमटलं होतं, आणि त्यालाच मी अंतराळातली धूळ म्हटलं होतं. ज्या काळ्या कोपऱ्यांनी मला हे सांगितलं असतं, ते मी स्वतः कापले होते. फडक्याच्या फ्रेमनं कॉम्प्युटरवर तो असमान उजेड काढून टाकला, तेव्हा नुसते तारे उरले. खरी धूळ त्यात कुठे असलीच, तर मला ती दाखवता आली नसती.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी मी सरांना फोन केला.

"सर, त्या फोटोबद्दल जरा..."

"फोटोबद्दल उद्या सगळ्यांना सांग. आधी हे ऐक, शिक्षणाधिकारी साहेबसुद्धा येणार आहेत. सदरा घाल इस्त्रीचा. आणि मराठीत बोल, इंग्रजी फार झाडू नकोस."

"हो सर."

फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, "सांगितलंस?"

"ते बोलूच देत नाहीत."

"ते बोलू देत नाहीत, की तुझी जीभ रेटत नाही?"

दुसऱ्या दिवशी सरांनी माझी ओळख करून दिली. माझ्या घराबद्दल, माझ्या वडिलांबद्दल इतकं चांगलं बोलले की मला मान वर करवेना. मी फोटो दाखवला, दुर्बिणीबद्दल सांगितलं. तेजाबद्दल बोलायचं टाळत राहिलो. शेवटी एका मुलीनं विचारलं, "दादा, ते तेज आपल्यापासून किती लांब आहे?"

खोटं आकड्यात सांगणं मला जमलं नाही. "ते तेज आकाशात नाहीये," मी म्हणालो, आणि फडक्याची फ्रेम दाखवून काय झालं ते सांगितलं.

कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. मग एक मुलगा म्हणाला, "म्हणजे फेक?" दोघंतिघं हसले.

"ए, माइक बंद कर," सर म्हणाले. शिक्षणाधिकारी निघून गेले. सरांनी आभार मानून मुलांना सोडलं. मग आम्ही दोघंच उरलो.

"काल फोन केलास तो हेच सांगायला?"

"हो सर."

"मग सांगायचं की. मी काय तुझ्या तोंडावर हात ठेवला होता?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "चूक झाली त्याचं काही नाही रे. पण मला पोरांच्या बरोबरीनं कळलं."

मुलांना खरं सांगितल्याचं समाधान मला क्षणभर झालं होतं, तेही गेलं. सरांसमोर एकट्यानं उभं राहायची हिंमत नव्हती, म्हणून मी त्यांना गर्दीत उभं केलं होतं.

"असं करू," सर म्हणाले. "गावात विचारतील त्यांना मी सांगतो, की पोरानं नुसता फोटो पाठवला होता, ते धुळीचं तेज वगैरे मीच जोडलं. माझं वय झालंय, खपून जाईल. तुला तिकडे नोकरी करायचीय."

ते शब्द माझे होते. त्यांच्या मोबाइलमध्ये माझ्या नावाखाली अजून तसेच होते आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. नको सर, मीच सांगतो, एवढंच म्हणायचं होतं.

"बरं, सर," मी म्हणालो.