एक घर पुढं

सन १९९७. माहं वय छप्पन. भुताखेतावर माहा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाई. बायको नवसाले गिरडच्या दर्ग्याची टेकडी चढते तेव्हा मी खाली चहा पीत बसतो. शाळा चौथीपर्यंत, पण कोणी सांगितलं म्हणून डोळे मिटून मानलं, असं जन्मात केलं नाई... एक देवराव सोडून.

आमची अल्लीपूरची ऑर्केस्ट्रा पार्टी. देवराव पेटीवर, मी ढोलकीवर. तीस वर्षं. ढोलकीची दोरी मी ओढायचो, पण सुरात आली का नाई ते त्याचा कान सांगायचा. "बस, लागली," म्हणला का माहा हात थांबे. ताल माहा, सूर त्याचा.

त्या साली पार्टीच्या मालकानं विजेवर सगळे ताल वाजवणारा ऑक्टोपॅड आणला अन् ढोलकीचं काम संपलं. मालक म्हणे, "भाऊ, आता बेस गिटारवाला पाह्यजे. होळीनंतर ट्रायल घेतो. जमलं तर राहा, नाई तर आराम करा."

आराम करणारा मी नव्हे. पार्टीचा जुना चार तारांचा बेस घरी घेऊन आलो. देवराव म्हणला, "मी शिकवतो ना, काऊन घाबरतं?"

घाबरत नव्हतोच मी.

मले लिहिलेलं वाचून वाजवता येत नाई, म्हणून त्यानं युक्ती काढली. बायको सिंदी मेघेले पोरीच्या बाळंतपणाले गेलती. तिच्या पाकिटातल्या टिकल्या त्यानं गिटारच्या दांड्यावर चिकटवल्या. लाल टिकली सा ची, खालची अन् वरची, मधल्या सहा हिरव्या. दांड्यावर आडव्या पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांमधल्या जागेले आम्ही घर म्हणतो. ज्या घरात पहिला पांढरा ठिपका, त्याच घरात खालची लाल टिकली. मधलं बोट सा वर, करंगळी रे वर. मग बाजूच्या तारेवर पहिलं, मधलं, करंगळी — ग, म, प. सा पासून निघालं का बिलावल. त्याच टिकल्या, पण रे पासून निघालं का काफी, ग पासून निघालं का भैरवी. बोटाले फोड आले, फुटले, घट्टे पडले. एकट्यानं वाजवलं का सगळं गोड लागे.

पंधरा-वीस दिवस झाले असतील. सकाळी घराले कुलूप लावून हापशीवर आंघोळीले गेलो. चाबी करदोट्याले. आलो तर आठही टिकल्या एक घर पुढं सरकलेल्या. पहिल्या जागी नुसते गोंदाचे डाग.

वाटलं, उन्हानं गोंद ढिला झाला. नखानं काढल्या, मागं लावल्या. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

देवरावले सांगितलं. तो वाकून एकेक टिकली पाहाले लागला. मग म्हणला, "कोणाले दाखवलं काय तू?"

"कोणाले दाखवू? घरी मी एकटा."

"मग मागं घे. मी लावल्या तेच खरं."

मले वाटलं, माह्या काळजीनं विचारून राह्यला.

तिसऱ्या वेळी मी बेस गोधडीत गुंडाळला, वरून सुतळी बांधली. गाठ ढोलकीवाली मारली, ती माह्याशिवाय कोणाले येत नाई. आंघोळीहून आलो, गाठ जशीच्या तशी. सोडली. टिकल्या एक घर पुढं. पण टिकल्या म्हणतील तसं वागणारा मी नव्हे. एकूण पाच वेळा त्या पुढं गेल्या अन् पाचही वेळा मी मागं घेतल्या.

ट्रायलच्या दिवशी दुपारी सगळी पार्टी जमली. दाराशी देवरावचा जावई उभा होता. मले वाटलं, ऐकाले आला. देवरावनं पेटी धरली, मी सुरू केलं... अन् दुसऱ्या ओळीले गाणारी पोरगी थांबली.

मालक म्हणे, "भाऊ, काय वाजवून राह्यले?"

"बरोबर वाजवतो मी. पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. पुन्हा पोरगी थांबली. मी तिसऱ्यांदा घ्यायले लावलं. मालकानं माह्या बोटांकडं पाह्यलं. "पार्टी पेटीच्या काळी एकात गाते, भाऊ. तुमचा सा पांढरी एकात आहे, एक घर मागं. एवढ्या वर्षांत हेही माहीत नाई?"

देवरावचा जावई पुढं आला. माह्या हातातून बेस घेतला अन् मधलं बोट टेकवलं — लाल टिकली सोडून, एक घर पुढं. कोणाले न विचारता. सूर पेटीसंगं साखरेसारखा विरघळला.

मी देवरावले म्हणलं, "देवा, सा कुठं आहे?"

त्यानं पेटीचा भाता बंद केला. वर पाह्यलं नाई. "वयाच्या मानानं लई शिकला तू, भाऊ."

त्या दिवसापासून बेस जावयाकडं, पार्टीतली जागाही त्याचीच.

टिकल्या कोण सरकवत होतं, मले आजही सांगता येत नाई. लोक म्हणतात गोंद. गोंद ढिला झाला तर टिकली गळून पडते, आठही मिळून मोजून एक घर चालत नाई... तेही बांधलेल्या गोधडीत. जे कोणी होतं त्यानं मले पाच वेळा सांगितलं. मी मात्र देवरावचं ऐकत राह्यलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, खुंटीवरची ढोलकी काढली, ओट्यावर बसलो अन् दोरी ओढून माह्या कानानं लावली. लागली का नाई, ते विचाराले कोणाकडं गेलो नाई.