उत्तरवसाहतवादाचं डेमो लेक्चर

त्या मुलाखतीची आठवण आली की अजूनही संताप येतो. हिंगोलीच्या एका कॉलेजात इंग्रजीची तासिका तत्त्वावरची जागा निघाली होती. वर्षभराचीच का होईना, मला ती हवी होती. नाहीतर आमच्या गावी, डोंगरकड्याला परत जाऊन शिकवणीत टेन्स घोकवत बसायचं होतं.

डेमो लेक्चरला विषय दिला, उत्तरवसाहतवादी साहित्याची वैशिष्ट्यं. समोर एम.ए.ची पोरं, मागच्या बाकावर प्राचार्य आणि बाहेरून आलेले एक तज्ज्ञ. अस्मिता, विस्थापन, संकर, भाषेवर पुन्हा हक्क, गाईडातले सगळे मुद्दे पोरांना तोंडपाठ. अर्थ विचारला तर सगळ्यांच्या माना खाली!

मग मी इंग्रजी बाजूला ठेवलं. म्हटलं, "निजाम गेला, पण त्याचे बराबर अन् तकलीफ हे शब्द आपल्या तोंडात राहिले का न्हाई? आता ते आपलेच झाले. साहेबाच्या भाषेचं लेखक असंच करतो, ती वाकवून आपली करून घेतो. अन् साहेब गेला तरी आपल्याच बोलीची लाज काहून वाटते, हे बी तोच लेखक विचारतो." खाली घातलेल्या माना वर आल्या.

एक पोरगी उभी राहिली. "मॅडम, मंग आमी आमच्या बोलीत लिहिलं तं ते बी साहित्यच व्हय?"

"इंग्लिश प्लीज!" तज्ज्ञ खेकसले. "ही गावठी भाषा वर्गात नको." प्राचार्य फिदीफिदी हसले. पोरगी मटकन खाली बसली. मी तरी म्हटलंच, "व्हय, साहित्यच."

बाहेर व्हरांड्यात निकालाची वाट बघत बसले, तर प्राचार्य फोनवर बायकोला सांगत होते, "येऊन राहिलो न! काहून घाई करून राहिलीस?" शी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. घरी हीच जीभ, अन् खुर्चीवर बसलं की तिचाच विटाळ. विटाळ हा शब्द मी उगाच वापरत नाही, आमच्या घराला तो पिढ्यांपासून ठाऊक आहे. मला त्या माणसाची अशी शिसारी आली की समोरचा चहा मी तसाच ठेवून दिला.

"विषय पक्का आहे, भाषा सुधारा," एवढंच सांगून मला वाटेला लावलं.

एसटी स्टँडवर तीच पोरगी भेटली, हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या गाडीसाठी थांबलेली. "मॅडम, तुमी येणार न शिकवायला?"

"न्हाई."

"काहून?"

खोटं बोलायचं जिवावर आलं. "आपल्या बोलीत बोलले म्हणून."

तिने ओढणी सारखी केली, आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, "ओके, मॅम. आय अंडरस्टँड."