पाचटाच्या जाळावर उतरवलेलं विमान

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. दिवाळी झाली की आई-बाप कोयते घेऊन श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला जायचे. मी शाळेसाठी चुलत्याकडं राहायचो. घरातला पहिला पदवीधर मी. बी.ए. फौजेत असताना बाहेरून केलं. आर्मी एव्हिएशनमध्ये टॉवरवर हवालदार होतो. निवृत्त झाल्यावर श्रीगोंदा तालुक्यात एका साखर कारखान्याच्या धावपट्टीवर लागलो. काम तेच. वारा, दृश्यता, रेडिओ.

कारखान्याचं छोटं विमान कॅप्टन सोहनी चालवायचे. फौजेत आम्ही एकाच युनिटला होतो. ढगातून माझ्या आवाजावर उतरलेला माणूस.

त्या सकाळी गळीत हंगामातली उसाची पहिली मोळी टाकायची होती. मुहूर्त आठचा. पाहुणे विमानानं येणार. साडेसातला धुकं असं, की पट्टीचं दुसरं टोक दिसेना.

"सर, व्हिजिबिलिटी पाचशे मीटर. पुण्याला डायव्हर्ट करा."

"रॉजर. डायव्हर्टिंग."

विषय संपला होता.

तेवढ्यात संचालक तात्या रेडिओच्या खोलीत शिरले. आमच्याकडं कुठल्याही फौजीला मेजरच म्हणतात.

"मेजर, इमान माघारी का लावलं?"

"दिसत नाही."

"अवो, मी रोज फटफटीवर जातो या धुक्यातनं! फौजेत हुता का भजनी मंडळात?"

मागची माणसं हसली. तात्यांच्या विनोदाला हसणं हीच त्यांची नोकरी.

मग तात्यांनी अक्कल चालवली. रानात रस्ता चुकलेल्या ट्रॅक्टरला जाळ करून दाखवतात, तसा विमानाला दाखवायचा. माणसं पळाली आणि शेजारच्या उसाच्या फडातलं वाळक्या पानांचं पाचट पेटवलं. दवानं भिजलेलं पाचट धुमसतं, हे उसावर पुढारी झालेल्या माणसाला ठाऊक नसावं! जाळ हातभर, धूर शिवारभर.

तात्यांनी माझ्या हातातला माईक ओढला.

"कॅप्टन, पट्टीच्या तोंडाला जाळ केलाय. जाळावर या. पाव्हणं माघारी नेलं, तर उद्यापासून दुसरा पायलट बघू."

सोहनींनी विमान परत वळवलं. मग आवाज आला, "धुरात तांबूस जाळ दिसतोय. उतरायला एक अप्रोच घेतो."

जाळ पट्टीच्या तोंडाला नव्हता. फडात होता. तात्यांची मूठ पिळून मी माईक घेतला.

"सर, तो फड आहे! वर उचला! गो अराउंड! गो अराउंड!"

इंजिनचा आवाज चढला, पण उशीर झाला होता. चाकं बांधाला धडकली.

पाहुण्यांचा हात मोडला. कॅप्टन सोहनी सीटवरच गेले.

मोळी मात्र मुहूर्तावर पडली. तात्यांनी भाषणही केलं. "निसर्गापुढं कुनाचं चालत न्हाई." निसर्गानं पाचट पेटवलं नव्हतं.

"मेजर, जरा दमानं बोला," चौकशीच्या आदल्या दिवशी तात्यांचा निरोप आला. मी दमानंच बोललो, पण सगळं बोललो. तात्यांचं संचालकपद गेलं, खटला उभा राहिला. आता धुकं असलं की या पट्टीवर विमान उतरत नाही. पाहुणा कोणी का असेना, शेवटचा शब्द रेडिओवरच्या माणसाचा.

एवढ्या साध्या नियमासाठी कॅप्टन सोहनी गेले.